झार्याच्या झोपेचे आकडे

रात्री नाडी मोजणारं घड्याळ बांधून झोपायचं, ही शिस्त माझ्या स्कीच्या पोरांना मीच लावली. सकाळी सहाला सगळ्यांची झोप आणि नाडी माझ्या फोनवर येते, आणि त्यावरून मी दिवसाचे किलोमीटर ठरवते. झोप कमी दिसली की सराव बंद, मग कुणी कितीही गयावया करो.

सतरा वर्षांची झार्या यांतली माझी लाडकी. लपवत नाही मी. तिचे आकडे म्हणजे सोनं: नऊ तास झोप, नाडी बेचाळीस. महिन्याभरात एका शनिवारी शर्यत होऊन राष्ट्रीय संघाची निवड होणार होती, आणि ही पोर त्यात जाणार म्हणून मी हवेतच होते. तीन आठवडे तिचे किलोमीटर वाढवत गेले. बर्फ पडेपर्यंत आमचा सराव डांबरी रस्त्यावर, चाकांच्या स्कीवर. तिथे चढ आला की ही मागे पडायला लागली. मी म्हटलं, आळस. चांगली झापलीसुद्धा.

मग मार्टिनचा सण आला. त्या दिवशी द्राक्षाच्या रसाची वाईन झाली असं मानतात, आणि सगळं गाव ती प्यायला बसतं. दुसऱ्या सकाळी झार्याची नाडी एकाहत्तर! माझं धाबंच दणाणलं. ताप भरला असणार म्हणून मधाची बरणी घेऊन मी तिच्या घरी धावले.

स्वयंपाकघरात तिचा बाप येर्नेय डोकं धरून बसला होता. तरुणपणी आम्ही एकाच संघात होतो. त्याचं हृदय अजून बैलासारखं आहे. त्याच्या मनगटावर झार्याचं घड्याळ होतं.

"हे काय रे?"

"पोरगीच बांधते रोज रात्री. म्हणते, बाबा, तुझ्या हृदयाची काळजी वाटते," तो कौतुकानं म्हणाला.

मला आधी हसू फुटलं, मग लक्षात आलं: पन्नाशीच्या या घोरणाऱ्या माणसाच्या झोपेवर मी एका पोरीला तीन आठवडे पिळलं होतं.

झार्या खाली आली आणि घड्याळाकडे बघून थिजलीच. मग हळूहळू सगळं सांगितलं. शाळेची परीक्षा आणि ही निवड, दोन्हींच्या धास्तीनं तिला तीन-चार तासांच्या वर झोपच लागत नव्हती.

"खरं कळलं असतं तर तुम्ही मला घरी बसवलं असतं, बाई."

"बसवलं असतंच."

"म्हणून."

मी तिच्याकडे नीट बघितलं. डोळ्यांखाली काळं, ओठ फुटलेले. हा चेहरा रोज सकाळी माझ्यासमोर उभा होता, आणि मी फोन बघत होते. फार लाज वाटली मला.

शनिवारी तू शर्यतीत नाहीस, असं मी तिला सांगितलं. ती माझ्या अंगावर ओरडली, तीन वर्षं याचसाठी घासली म्हणाली, आणि मग माझ्याच खांद्यावर रडली. पण नाव काढलं ते काढलंच.

त्या शनिवारी संघातली तिची जागा शेजारच्या खोऱ्यातल्या एका पोरीला मिळाली. मी तिचं अभिनंदन करत होते, पण जीव तुटत होता. तेवढ्यात येर्नेयचा फोन आला.

"काल रात्री नऊला झोपलीय. आता अकरा वाजले. उठवू का गं?"

"तिला हात तर लावून बघ," मी म्हटलं.