कड्यावरची लाल लोकर

मी एक म्हातारी मेंढी आहे. ब्लेक पाईक डोंगराच्या उत्तर उतारावर माझा जन्म झाला आणि दात पडायला लागले तरी मी तिथेच आहे. रीत म्हणून तुम्हाला मित्रांनो म्हणते. पण तुमच्यापैकी कोणी डोंगरावर शर्यतीसाठी पळत असेल, तर त्याला मी मित्र मानत नाही. का, ते ऐका.

आमच्या डोंगराला कुंपण नाही. आईच्या मागून चालताना कोकरू आपली हद्द शिकते, आणि मग जन्मभर ती सोडत नाही. माझी मालकीण डोरा टायसन. तिची खूण म्हणजे पाठीवर लाल पट्टा. दर वसंतात मी तिला एक कोकरू दिले, सात वर्षे. "हीच माझा डोंगर सांभाळते," असे ती शेजाऱ्यांना सांगायची. तेव्हा माझा थाट काही वेगळाच होता.

मग क्लेम हॉजसन पळू लागला. खाली गावात तो पाव भाजतो. जूनमध्ये गावाची डोंगर-शर्यत असते, त्यात मागच्या वर्षी तो सत्त्याण्णव जणांत सत्त्याण्णवावा आला. तेव्हापासून रोज दुपारी बेकरी बंद केली की स्वारी डोंगरावर हजर. चढताना लोहाराच्या भात्यासारखा धापा टाकायचा आणि उतरताना हातपाय सैल सोडून दगडासारखा गडगडत यायचा. त्याला म्हणे त्याचाच सराव करायचा होता.

"क्लेम, माझ्या गाभण मेंढ्या तुझ्यापेक्षा जोरात चढतात रे!" डोरा खाली घराच्या फाटकातून ओरडायची.

"चढू द्या डोराबाई, उतरताना बघा मला!"

मे महिन्यात त्याने वाट सोडून नेच्यांतून जवळची वाट धरली. माझे कोकरू तीन आठवड्यांचे होते, काळेभोर. दहा पावलांवर चरत होते. क्लेम आमच्या दोघांच्या मधून सुसाट गेला. मी एकीकडे उधळले, कोकरू दुसरीकडे, सरळ कड्याच्या अरुंद पट्टीवर. तिथून त्याला ना वर येता येईना, ना खाली जाता येईना. क्लेम मात्र मनगटावरचे घड्याळ बघून आनंदाने ओरडला आणि निघून गेला. मागे वळून बघितलेसुद्धा नाही.

दोन दिवस ते ओरडत होते. मी वरून ओरडत होते. तिसऱ्या दिवशी डोरा दोर घेऊन आली, तेव्हा ओरडणे थांबले होते. कुत्र्याने मारले असते, कोल्ह्याने नेले असते, तर ती हळहळली असती. पण कोकरू कड्यावर गेले म्हणजे आईनेच नेले, असे आमच्याकडे धरून चालतात. सगळे खापर माझ्यावर फुटले.

"म्हातारपणी ही खोड लागली होय तुला? बाकीच्यांनाही शिकवशील." असे म्हणून तिने माझ्या मानेवर निळा ठिपका लावला. निळा ठिपका म्हणजे शरद ऋतूतला बाजार. म्हणजे सपाट मुलूख, जिथला एकही दगड माझ्या ओळखीचा नाही. मित्रांनो, मला तोंड आहे, पण साक्ष देता येत नाही. अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

शर्यतीच्या दिवशी धुके उतरले. पळणारे माथ्याला शिवून खाली गेले. सर्वांत शेवटी क्लेम आला. वाट दिसेना, तेव्हा तो आमच्या पायवाटेवर उभा राहून म्हणाला, "मेंढ्यांना रस्ता बरोबर ठाऊक असतो." मूर्ख कुठला! आम्हाला गवत ठाऊक असते, त्याची शर्यत कुठे संपते ते नाही. मी चालू लागले, तो माझ्यामागून आला. कड्याशी मी वर उडी मारली. तो तसाच पुढे त्याच अरुंद पट्टीवर गेला आणि अडकला. मी त्याला फसवले नाही. अडवलेही नाही.

थोड्या वेळाने मदतीसाठी तो गळ्यातली शिट्टी वाजवू लागला. खाली गावात एक जण कमी भरला होता, म्हणून दोन माणसे आणि डोरा दोर घेऊन वर आली. डोराने कड्यावरून वाकून बघितले.

"हलू नकोस क्लेम. मेंढी अशी अडकली की आम्ही दोन दिवस थांबतो. भुकेने पाय गळाले की मग दोर. आधी गेलं की घाबरून उडी मारते."

"डोराबाई, थट्टा नका करू!"

"थट्टा कोण करतंय? खाली बस आधी."

तो बसला. बसताना त्याचा हात खडकाला चिकटलेल्या कशालातरी लागला.

"इथे लोकर आहे," तो म्हणाला. "काळी. वर लाल पट्टा."

"माझंच कोकरू ते. आईने नेलं तिकडे."

"आईने नाही नेलं." त्याने ती लोकर उचलली. "आई दुसरीकडे पळाली. मी दोघांच्या मधून गेलो. मला वाटलं, जाईल परत आईकडे."

"महिना झाला की रे! सांगायला तोंड नव्हतं तुला?"

"त्या दिवशी माझी आजवरची सगळ्यात चांगली वेळ लागली होती, डोराबाई."

दोर खाली गेला आणि क्लेम वर आला. त्याच्या मुठीत ती लोकर होती. त्याने ती डोराला दिली.

डोराने आकड्याच्या काठीने माझी मान धरली, खिशातून कात्री काढली आणि निळी लोकर कापून टाकली. "राहा, म्हातारे," एवढेच म्हणाली. तिचे डोळे ओले होते. माझे नव्हते. मला माझा डोंगर मिळाला, कोकरू मिळाले नाही.

क्लेम अजून येतो. आम्ही दिसलो की थांबतो आणि लांबून वळसा घालतो. त्यामुळे त्याची वेळ वाढली म्हणे. वाढू दे. मी त्याला माफ केलेले नाही.

मित्रांनो, पळायचे तर पळा. पण आई आणि लेकरू यांच्या मधून जाऊ नका. चुकून गेलातच, तर एकदा मागे वळून बघा. त्या दिवशी त्याने बघितले असते, तर त्याला दिसले असते, ते कोकरू अजून त्याच्यापासून दहाच पावलांवर होते.