शिवारातला बँड

अमडापूरच्या लोकरेडिओने अभिजात संगीताची ज्योत वर्षानुवर्षं तेवत ठेवली होती. तिच्या उजेडात बसायला कोणी येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. अखेर संस्थेच्या अध्यक्षांनी बजावलं, की महिनाभरात श्रोते दाखवा, नाहीतर केंद्राला कुलूप. केंद्रप्रमुख उद्धवरावांनी काळजावर दगड ठेवून ख्याल बंद केले आणि खास शेतकऱ्यांसाठी अहोरात्र वरातीचा बँड लावला.

आठवड्यात फोन खणखणू लागले. उद्धवरावांनी मोठ्या ऐटीत एक फोन अध्यक्षांसमोरच स्पीकरवर घेतला.

"साहेब, मी उकंडराव बोलून राह्यलो. बँड बंद नोका करू बरं!"

"इतका आवडला?"

"आमी कुठं ऐकतो जी! रेडिओ वावरात टांगतो अन् घरी येऊन झोपतो. रानडुकरं फिरकून नाही राह्यली. तुमच्या पयल्या गाण्यावर तं निवांत हरभरा खात होती."

उद्धवरावांचा चेहरा पडला. अध्यक्ष मात्र खूश झाले, कारण असे फोन गावोगावहून येत होते. कुलूप टळलं. उद्धवरावांचा शाल-श्रीफळ देऊन जंगी सत्कार झाला आणि त्यांच्यापुढे खुद्द बँडच वाजला.

पुढच्या पंधरवड्यात रानडुकरांना बँडची सवय झाली.