पोळ्यांच्या डब्यातले दोन वॅट

मी दोन वॅटचा बिनतारी सेट बोलतोय. जरा जवळ येऊन ऐका, माझा आवाज बारीक आहे आणि तुमच्याकडे गलका फार. तुमच्या देव्हाऱ्यातला जुना झिरोचा बल्बसुद्धा माझ्यापेक्षा जास्त वीज खातो. हसू आलं ना? हसा. मला बघून आजवर न हसलेला माणूस विरळाच.

मी जन्मलो तेव्हा डबा होतो, पोळ्यांचा, स्टीलचा. पार्वतीबाईंच्या लग्नात त्यांच्या मामांनी दिलेला. झाकणावर नाव घातलंय अजून, 'सौ. पार्वतीस मामाकडून'. जळकोटच्या घरात मी रोज सकाळी गरम आणि संध्याकाळी रिकामा, असा सुखात होतो.

पार्वतीबाईंचे मालक अण्णाराव. शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. भूकंपाच्या साली ते किल्लारीकडं मदतीला गेले होते. सगळे फोन मुके पडलेले, आणि एका तंबूत बाहेरगावची हौशी बिनतारी मंडळी बसून, बॅटरीवर सेट लावून, मोर्स लिपीत टकटक करत निरोप पाठवून राहिलेली. ना कुणाचा पगार, ना कुणाचा हुकूम. गुरुजींच्या डोक्यात तो तंबू जो शिरला तो निघालाच नाही. त्यांनी परीक्षा दिली, परवाना काढला, आणि घरी बसून एका फळीवर तारा, वेटोळी, सुटे भाग जोडायला लागले. सगळं जमल्यावर त्याला झाकायला धातूची पेटी पाहिजे होती. तेव्हा त्यांची नजर स्वयंपाकघरात माझ्यावर पडली.

माझ्यातल्या पोळ्या काढून फडक्यात गुंडाळून ठेवल्या आणि मला भोकं पाडली. पार्वतीबाई दळण घेऊन आल्या तर हा प्रकार. त्या चिडल्या, पण बोलल्या एवढंच, "नाव तेवढं खरडून टाकू नका." गुरुजींनी नाव राखलं. नंतर कितीतरी वर्षं पार्वतीबाई पोळ्या ॲल्युमिनियमच्या डब्यात ठेवायच्या आणि जाता-येता मला टोमणा मारायच्या. मला तो टोमणा आवडायचा.

आता तुम्ही विचाराल, दोनच वॅट कशाला? बाजारात शंभर वॅटचे सेट मिळतात, तयार, चकचकीत. गुरुजींचं म्हणणं असं की ओरडून कुणालाही ऐकवता येतं, त्यात काय मोठेपणा. दोन वॅटवर बोलायचं तर तार नीट उंच पाहिजे, वेळ बरोबर पाहिजे, आभाळाचा कल बघावा लागतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समोरच्यानं कान लावावा लागतो. निम्मं काम बोलणाऱ्याचं, निम्मं ऐकणाऱ्याचं. मला हे पटायचं. तेव्हा पटायचं.

एका पहाटे आमची टकटक पार जपानला पोचली. तिकडच्या माणसानं उत्तर दिलं. गुरुजी खुर्चीवरून उठून घरभर फिरले. चहा घेऊन आलेल्या पार्वतीबाईंनी विचारलं, काय म्हणाला तो? गुरुजी म्हणाले, ऐकू आलो म्हणाला. एवढंच? एवढंच. तेव्हा पार्वतीबाई म्हणाल्या, "मी पण रोज हेच विचारते, ऐकू येतंय का म्हणून. मला तर घरातल्या घरात उत्तर मिळत न्हाई." गुरुजी हसले. मी मात्र ते वाक्य विसरलो नाही.

आमचा रोजचा सोबती होता हिमायतनगरचा किशनराव. पोलिसांच्या बिनतारी खात्यातून निवृत्त झालेला, बोटं अशी सफाईची की अक्षर अक्षर मोती. त्यानं शंभर वॅटचा जपानी सेट घेतला होता आणि गुरुजींना चिडवायचा, गुरुजी, तुमी कानात बोलून राहिलात, जरा तोंडानं बोला. रोज सकाळी चहा झाला की दोघं हवेतल्या ठरलेल्या जागी, एकाच लहरीवर, भेटायचे. बोलायची भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी, आणि क्रमही ठरलेला. आधी नाव-गाव, मग आवाज कसा येतोय त्याचा शेरा, मग हवा, मग तब्येत, आणि शेवटी किशनरावाचं न चुकता, वहिनींना नमस्कार सांगा. दोघांनी एकमेकांना शब्द दिलेला की फोनवर बोलायचं नाही. फोनवर सगळं बोलून टाकलं तर हवेत बोलायला काय उरणार? अशी ही शहाणी माणसं.

गुरुजी निवृत्त झाल्यावर मुलगा शिवम त्यांना लातूरला घेऊन आला. शिवम क्लासमध्ये शिकवतो, फ्लॅटही क्लासच्याच भागात. वर पोरांचं होस्टेल, खाली पोरींचं. खोलीखोलीत एलईडीच्या नळ्या, चार्जर, इन्व्हर्टर, रस्त्यावर रात्रंदिवस जळणाऱ्या क्लासच्या पाट्या. तुम्हाला तो उजेड दिसतो, मला तो ऐकू येतो. सतत किरकिर, भाजीला फोडणी दिल्यावर जे चरचरतं ते थांबूच नये, तसं. जळकोटला माझी तार लिंबाच्या शेंड्यावरून गेलेली होती. इथं ती गॅलरीच्या लोखंडी जाळीला खेटून बांधली. माझे दोन वॅट निम्मे त्या जाळीनंच खाल्ले.

त्यातही सोसायटीची कुरकुर. ही कसली तार, वीज पडेल, टीव्हीला त्रास होतो. शिवम वैतागून म्हणाला, बाबा, खिशात फोन आहे, जगाशी बोला, ही तार काढा आता. गुरुजींनी त्याला सरळ सांगितलं, जोवर किशनरावांना माझं ऐकू येतंय तोवर तार राहील. ज्या दिवशी ते नाही म्हणतील त्या दिवशी मी माझ्या हातानं काढीन. आणि हे त्यांनी दुसऱ्या दिवशी किशनरावालाही टकटक करून कळवलं. झालं! सगळं तिथंच बिघडलं.

त्याआधी तुम्हाला तो शेरा समजायला हवा. आमच्यात आवाजाला तीन आकडे देतात. पाच म्हणजे शब्दन् शब्द कळला, नऊ म्हणजे दणदणीत, पुढचा नऊ म्हणजे सूरही शुद्ध. याहून वरचा शेरा नाही. आता खरं कसं पाहिजे, कमी आलं तर कमी सांगावं. म्हणजे समोरचा तार हलवील, जागा बदलील, काही करील. पण आमच्या मंडळींना मेलं दाक्षिण्य फार. लग्नात जेवण कसं झालं विचारलं की जसं सगळे 'एक नंबर' म्हणतात, तसं हे उठसूट पाच-नऊ-नऊ वाटत फिरतात. काही ऐकू आलेलं नसतं, तरी पाच-नऊ-नऊ.

लातूरला आल्यापासून किशनरावाचा शेरा एकदाही खाली आला नाही. पाच-नऊ-नऊ, गुरुजी, फार छान. गुरुजी खूश. शिवमला सांगायचे, बघ, जाळीतून, गलक्यातून, दोन वॅटवर! मला संशय यायचा. कारण कधी कधी गुरुजींची शेवटची अक्षरं माझ्या पोटात असतानाच तिकडून उत्तर सुरू व्हायचं. पण मी काय सांगणार? माझी टकटकीची पट्टी दाबली तर मी बोलतो. मला स्वतःहून काही बोलता येत नाही.

मग पार्वतीबाई गेल्या. आजारी नव्हत्या, काही नव्हतं. दुपारी भाजी निवडता निवडता भिंतीला टेकल्या आणि संपल्या.

घर माणसांनी भरलं. शिवमनं नातेवाइकांना फोन केले, ग्रुपवर फोटो टाकला. किशनरावाचा नंबर त्याच्याकडं नव्हताच, आणि त्याला कुणी आठवण करून दिली नाही. गुरुजी एका कोपऱ्यात बसून होते. येणारा प्रत्येक जण त्यांच्याशीच बोलायचा, धीर धरा, वय झालं होतं, सोन्यासारखी गेली. त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. रडलेही नाहीत. शिवम घाबरला होता.

राख सावडून आल्यावर, सकाळी, चहाच्या वेळी ते उठून माझ्यासमोर येऊन बसले. सुतकात हे काय, म्हणून कुणी तरी पुटपुटलं. त्यांनी बॅटरी जोडली, कानांना हेडफोन लावला, आणि पट्टीवर बोट ठेवलं. नाव-गावाच्या ठरलेल्या ओळी त्यांनी कशाबशा पाठवल्या. आणि मग एकेक अक्षर, सावकाश, पहिल्या दिवशी शिकणाऱ्या माणसासारखं: पार्वती गेली. मला आता कुणी नाही.

जे शब्द त्यांना मुलापुढं बोलता आले नाहीत ते त्यांनी माझ्यातून सोडले. मी होतं नव्हतं ते सगळं पणाला लावलं. दोन वॅटच, पण दोनच्या दोन लावले.

उत्तर आलं. शंभर वॅटचं, खणखणीत, अक्षर अक्षर मोती. पाच-नऊ-नऊ, गुरुजी. फार छान. इकडं हवा मोकळी आहे. वहिनींना नमस्कार सांगा.

गुरुजींनी परत पाठवलं, पार्वती गेली. तोवर किशनरावानं राम राम केला होता आणि सेट बंद केला होता.

त्या दिवसानंतर गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं नाही. माझ्यावर एक चादर पडली. वाटलं, ठीक आहे, मी पोळ्यांचा डबाच बरा होतो.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी दारात किशनराव उभा. हिमायतनगरहून एसटी बदलत बदलत आलेला, धोतराला धूळ, हातात पिशवी. शिवमनं दार उघडलं तेव्हा तो बाहेरूनच बोलत आत आला, गुरुजींची टकटक बंद पडली म्हणून जीव राहिना, म्हणलं बघून यावं. आणि पिशवी पुढं करून म्हणाला, आमच्या वावरातली हळद आणली वहिनीसाठी. मग त्याची नजर भिंतीकडं गेली. फोटो, हार. पिशवी त्याच्या हातात तशीच राहिली.

"कवा?" तो म्हणाला. "मला कुणी सांगितलं न्हाई."

गुरुजी म्हणाले, "मी सांगितलं होतं. तुम्ही फार छान म्हणालात."

किशनराव खाली बसला. मग सांगायला लागला. गुरुजींचा तो तारेचा निरोप कसाबसा कळला, आणि लगेच मुलानं विहिरीवर सौर पंप बसवला. दिवस उगवला की त्याचं यंत्र असं कोकलतं की रेडिओत दुसरं काही ऐकू येत नाही. त्यात गुरुजींची तार लातूरला आधीच खाली आलेली. वर्षभर त्याला काही कळतच नव्हतं. त्या गलक्याच्या तळाशी काहीतरी टिकटिकतंय, म्हणजे गुरुजी आहेत, एवढंच कळायचं. गुरुजींचा क्रम ठरलेला, वेळ ठरलेली. अंदाजानं थांबायचा आणि ठरलेलं उत्तर द्यायचा.

गुरुजी म्हणाले, "एकदा तरी म्हणायचं होतं, ऐकू येईना म्हणून. मी गच्चीवर तार नेली असती. सोसायटीशी भांडलो असतो."

"तुमी तार काढली असती, गुरुजी. तुमीच म्हणला होता. मग तुमचं कसं झालं असतं? मी तुमच्यासाठीच खोटं बोलून राहिलो."

"तार राहिली की," गुरुजी गॅलरीकडं हात करून म्हणाले, "ती बघा."

किशनराव रडला. गुरुजी रडले नाहीत. त्यांनी त्याला चहा दिला, जेवायला घातलं, स्टँडपर्यंत रिक्षात बसवून दिलं. हळदीची पिशवी मात्र घेतली नाही. ती तो परत घेऊन गेला.

मला राग कुणाचा येतो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. किशनराव वाईट माणूस नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या घालून मोकळा झालो असतो. त्यानं मायेपोटी केलं, म्हणूनच जास्त लागतं. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून त्यानं वर्षभर माझे शब्द मातीत घातले, आणि मी आपला रोज सकाळी छाती फुगवून बोलत होतो. गुरुजींनी सगळं आयुष्य दुसऱ्याच्या कानावर विश्वासून काढलं. त्यांच्याही वाट्याला शेवटी तो 'एक नंबर'च आला.

आता मी त्यांच्या खोलीत खिडकीपाशी आहे. माझ्या तारेवर सूनबाई टॉवेल वाळत घालतात. एखाद्या सकाळी गुरुजी चादर बाजूला करतात, बॅटरी जोडतात आणि नुसतं ऐकत बसतात. किशनराव त्या ठरलेल्या जागी येतो. परत गेल्यावर त्यानं सकाळच्या वेळेपुरता सौर पंप बंद ठेवायला सुरुवात केलीय, मुलाशी भांडून. तो रोज हे हवेत सांगतो. पंप बंद आहे, गुरुजी, आता बोला, मी ऐकून राहिलो. मग थांबतो. बराच वेळ थांबतो.

गुरुजींचं बोट माझ्या पट्टीपर्यंत येतं. मी दोन वॅट गोळा करून तयार बसतो. बोट तिथंच राहतं, आणि मागं जातं.

शेवटी किशनराव शेरा देतो. वर्षभर त्याला द्यायला जमला नव्हता तो. काही ऐकू आलं नाही, गुरुजी. रोज हेच. आता तो खरं बोलतो, तर आता आम्ही गप्प आहोत.

तुमच्याकडं माझं एकच मागणं आहे. कुणी बारीक आवाजात काही सांगत असेल आणि तुम्हाला ऐकू येत नसेल, तर मान डोलवू नका. नाही आलं म्हणा. परत सांगा म्हणा. त्याला वाईट वाटेल, वाटू द्या. तो तार उंच बांधील, जवळ येईल, काहीतरी करील. पण ऐकल्यासारखं करू नका. तेवढ्या वेळात तो जे सांगत असतो, ते तो पुन्हा सांगत नाही.

गुरुजी सेट बंद करतात. चादर टाकायच्या आधी फडक्यानं माझं झाकण पुसतात, नावावरून जरा जास्त वेळ. एकदा त्या नावाकडं बघून ते अगदी हळू म्हणाले, "तू विचारायचीस. ऐकू येत होतं गं मला." एवढ्या जवळून बोलले, तरी त्याचं उत्तर देणारं आता कुणी नव्हतं.