ओढ्याकाठचा कचरा

बेनिल्दाच्या कोकोच्या साठ रोपांपैकी एकोणीस दुपारपर्यंत नुसत्या काड्या झाल्या होत्या. उरलेली उद्या सकाळी लावायची. तीही गेली तर तिचं नवं रान वर्षभर ओसाड. मी कुंपणाशी उभी राहून मोजत होते. मोजायची मला हौस, वाकायची नाही.

मुंग्यांचं काम चोख. चारपाच जणी वर चढून पान कातरून खाली टाकायच्या, खालच्या उचलून चालू पडायच्या. तुकड्यावर एखादी चिमुरडी स्वार, माश्या हाकायला. बेनिल्दाने वाटेत दगड ठेवला, तर त्यांनी बाजूने वाट काढली. ओझेवालीला चिरडलं, तर मागचीने तोच तुकडा उचलला.

वारूळ शेजारच्या लिसान्द्रोच्या आवारातलं. तो तिच्या मुलाचा धर्मपिता, म्हणून ती त्याला कोंपाद्रे म्हणे, तो तिला कोमाद्रे. वारुळाला विष घालू द्यायचा नाही. ईस्टरनंतर त्यातून ढेरपोट्या राण्या उडतात, आणि मीठ लावून भाजलेल्या त्या राण्यांवर आमचा अख्खा मुलूख जीव टाकतो. मग उरला जुना तोडगा: वारुळाच्या पोटातला कचरा खणून रोपांभोवती टाकायचा. आपल्याच घरची घाण तेवढी मुंग्या ओलांडत नाहीत.

लिसान्द्रोने बादली आणली. एकेचाळीस रोपांना कडं घातलं. मुंग्या थबकल्या, मिशा हलवल्या. मग एक कडं ओलांडून वर चढली, आणि मागून सगळी रांग.

“कोंपाद्रे, कचरा कुठल्या वारुळातला?”

“कचरा तो कचरा, कोमाद्रे.”

“कुठल्या?”

“ओढ्याकाठच्या.”

“म्हणजे तुमच्या राण्यांची झोपमोड नको!”

ती घरातून उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन निघाली, थेट त्याच्या वारुळाकडे.

“थांबा हो! मीच खणतो!” लिसान्द्रोने खोरं चालवलं, मग कोपरापर्यंत हात घातला. मोठ्या डोक्याच्या शिपाई मुंग्यांनी मनगटं फोडली. बेनिल्दा पातेलं धरून उभीच. “अजून खाली. हं.”

तेवढ्यात आणखी सात रोपं गेली.

चौतीस रोपांना नवं कडं पडलं. मुंग्या आल्या, थबकल्या, वळल्या. ऊन कलेपर्यंत रांगेने दुसरं झाड शोधलं: लिसान्द्रोच्या दारातलं, फुलावर आलेलं संत्रं.

“कोमाद्रे, बादलीत उरलंय का थोडं?”

“कणभर नाही. पातेलं मात्र अजून गरम आहे.”

लिसान्द्रोने सुजल्या हाताने पुन्हा खोरं उचललं.