चॅपेलातले बिननावाचे धोंडे

त्या दिवशी सकाळपासून होनर नवऱ्याशी भांडत होती. म्हणजे ती एकटीच भांडत होती. फेस्टी अंगणात विळ्याला धार लावत बसला होता.

भांडणाचं कारण घराच्या भिंतीला लागूनच होतं. बिनछपराचं, सहाशे वर्षांचं पडकं चॅपेल, म्हणजे लहानसं चर्च, आणि आत तीसेक धोंडे. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडायच्या आत गेलेलं पोर पाद्री गावच्या दफनभूमीत घेत नसे. मग बाप पेटी काखेत मारून इथं यायचा, एकटाच पुरायचा, वर धोंडा ठेवायचा. आईनं यायचं नाही आणि विचारायचंही नाही. ह्याला देवाची रीत म्हणा, नाहीतर माणसाचा आडमुठेपणा. होनरचं पोरगं सेहेचाळीस वर्षांपूर्वी असंच गेलं. पुन्हा तिची कूस उजवली नाही.

आता सोमवारी गॉलवे शहरातून सरकारी माणसं भिंतींची डागडुजी करायला येणार होती. आतले सुटे धोंडे उचलून ती कोपऱ्यात रचणार होती.

"एकदा उचलले की संपलं, फेस्टी," होनर म्हणाली. "आपला कुठला, तेवढं सांग. त्याच्यावर हात ठिऊन बसते मी."

फेस्टी उठला आणि विळा घेऊन चॅपेलात शिरला. दर जूनमध्ये आतलं गवत तोच कापायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. आज पहिल्यांदाच ती मागोमाग गेली. समुद्राकडून बारीक पाऊस येत होता. एका धोंड्याभोवतीचं गवत काढून तो दुसऱ्याकडे सरके. आता थांबेल, आता थांबेल, असं तिला वाटे. निम्मे धोंडे झाले आणि तो तिच्याकडे वळला.

"मला ठावं न्हाई," तो म्हणाला. "धुकं व्हतं, काय दिसत नव्हतं. सकाळी बघाया आलो तर समदे धोंडे सारखेच. तुला काय तोंड दावू? म्हणून समद्यांचंच गवत काढत आलो."

होनरला आधी राग आला, मग रडू आलं. इतकी वर्षं हा माणूस भिंतीपलीकडं एकटा, आणि ती अलीकडं एकटी. तिनं त्याच्या हातातला विळा घेतला आणि राहिलेलं गवत कापलं.

सोमवारी माणसं आली. त्यांचा साहेब भला होता. म्हणाला, आजी, तुमच्या घरातलं कुणी इथं असेल तर धोंडा दाखवा, तेवढा राहू देतो.

होनर चॅपेलचं दार अडवून उभी राहिली.

"समदीच आमची हाईत," ती म्हणाली.