यशोधराचं सोपं करून सांगणं

"रूट कॅनल म्हंजी मुळ्या उपटायच्या व्हय?"

"नाही हो बाबा. विहिरीतला गाळ काढतो ना, तसं. आतली सडकी नस काढायची, वरून बुजवायचं. दाढ जागेवरच."

म्हातारबुवांना गाळ पटला. ते मुकाट खुर्चीत चढले.

श्रीरामपुरातल्या त्या दवाखान्यात डॉक्टर दातांशी बोलत आणि माणसांशी यशोधरा. पगार डॉक्टरांच्या मदतनिसाचा. दुभाषीपण त्यात फुकट. पायोरिया म्हणजे हिरडीने दाताचा हात सोडणं, अक्कलदाढ म्हणजे पंगत बसल्यावर येऊन जागा मागणारा पाहुणा. तिच्या तोंडून ऐकलं की दुखणं घरातलंच वाटे. तिच्या देखत आजवर एकही पेशंट खुर्चीतून पळाला नव्हता, याचा तिला थोडा तोराही होता.

शहाण्णव सालच्या पौषात कडूबाई आली. पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेली. सोबत नवरा, सूर्यभान. दाढ ठणकते म्हणून ती तिथे तंबाखूची मिश्री दाबून ठेवी. गाल बधिर झाला की मोळ्या बांधून व्हायच्या. डॉक्टरांनी गाल आतून चाचपला, पुन्हा चाचपला आणि दाढेला हातच लावला नाही.

"बायोप्सी. नगरला. याच आठवड्यात," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

"त्ये काय आसतं, ताई?"

कॅन्सर हा शब्द यशोधराच्या ओठांपर्यंत आला. कडूबाईचे डोळे पाहून तिने तो गिळला.

"काही नाही, मावशी. भाकरी भाजली का म्हणून कडेचा तुकडा मोडून बघतो ना, तसं. भिऊ नका."

"म्हंजी लई न्हाई," सूर्यभानने सुस्कारा सोडला. "नवरा-बायकू मिळून एक कोयता आसतोय, बाई. ही बसली तर मुकादम मला एकट्याला फडात उभा करीत न्हाई."

"बायकू मरंना का, कोयता जगला पायजे," कडूबाई हसली. "ऱ्हाऊ द्या. ताई म्हनत्यात काय न्हाई. कारखान्याचा पट्टा पडला, तोड संपली की जाऊ."

"लवकर जा हं," यशोधरा म्हणाली. पण इतकं गोड सांगून झाल्यावर 'लवकर'ला कुठलं वजन!

वैशाखात दोघं परत आली. कडूबाईचं तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं. डॉक्टरांनी बॅटरी लावली, विझवली आणि पुण्याची चिठ्ठी लिहायला बसले.

"काय म्हनले डाक्टर?" सूर्यभानने विचारलं.

यशोधराने भाकरी शोधली नाही, विहीर शोधली नाही.

"कॅन्सर आहे."

कडूबाई मिटल्या दातांतून, शब्द सांभाळत बोलली.

"फडात समद्या त्येच म्हनायच्या. म्या भांडले त्यांच्यासंगं. म्हनलं, दवाखान्यातल्या ताईनं सांगितलंय, काय न्हाई."

यशोधराने चूळ भरायला पाणी दिलं. ते ओठांत थांबेना. तांबूस होऊन खुर्चीजवळच्या थुंकायच्या वाटीच्या काठावर ओघळलं. कडूबाईने पदराचं टोक ओढून घेतलं आणि मागून येणाऱ्याला किळस नको म्हणून वाटी पुसून लख्ख केली.