चाचणी करणाऱ्याचं नाव

“ताई, तुमच्या भावानं तुम्हाला चांगलंच मागं टाकलं की!” साहेब म्हणाले आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले. तीही हसली. समोर भिंतीवर दोन रेघा होत्या. तिच्या पद्धतीच्या वेगाची रेघ तळाशी रांगत होती, त्याच्या पद्धतीची तरातरा वर चढली होती.

भाऊ म्हणजे काही सख्खा नव्हे, शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी. नोकरीला लागला तेव्हा बावरलेला. तिनंच हाताला धरून शिकवलं. त्याची बायको बाळंतपणात अडली तेव्हा हीच दवाखान्यात बसून होती. ती मुलगी आता हिला आत्या म्हणते.

काम दोघांचं एकच. प्रोग्रामनं फाइलचं एक पान मागितलं की पुढची पानं न मागताच डिस्कवरून मेमरीत आणून ठेवायची, म्हणजे पुढचं मागणं येताच हातात देता येतं. पंक्तीत ताटाकडे बघून वाढावं, तसंच ते. हात आखडला तर जेवणारा खोळंबतो. भसाभस वाढलं तर अन्न वाया जातं आणि शेजारचा उपाशी राहतो. ताटाचा अंदाज घेत वाढणारी पद्धत तिनं कित्येक वर्षं खपून तयार केली होती. त्याची होती भसाभस वाढणारी. कंपनीच्या कर्नलमध्ये, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, दोहोंपैकी एकच जाणार होती. दुसरीला केराची टोपली.

“प्रत्येक फेरीआधी मेमरी रिकामी केलीस ना रे?” तिनं हळूच विचारलं.

“म्हणजे काय, ताई! तुमच्याच हाताखाली शिकलोय.”

तिचा तो नेमच होता, कधी न मोडलेला. आधीच्या फेरीतली फाइल मेमरीत पडून असली की डिस्ककडे जावंच लागत नाही, मग कसलीही पद्धत वाऱ्यासारखी पळते. ती परीक्षा नव्हेच.

त्याच्या शब्दावर विश्वास होता, पण रेघेवर बसेना. सगळे जेवायला गेल्यावर तिनं त्याचीच पद्धत स्वतः चालवून पाहिली. मेमरी रिकामी केली, तर ती पद्धत धापा टाकत मागे राहिली. रिकामी न करता चालवली, आणि भिंतीवरची ती रेघ जशीच्या तशी पडद्यावर उभी राहिली.

विसरला बिचारा, तिला वाटलं. चारचौघांत उघडं पडण्याआधी सांगायला हवं. तो जिन्यापाशी पाणी पीत उभा होता.

“अरे, मेमरी रिकामी करायची राहिली तुझ्याकडून. चल, साहेबांकडे दोघं जाऊ. माझ्याही नजरेतून सुटलं म्हणून सांगते मी.”

त्यानं पेला खाली ठेवला. “राहिली नाही, ताई.”

“म्हणजे?”

“साहेबांनाही माहीत आहे. वरच्यांना त्यांनी माझी पद्धत आधीच कबूल करून टाकली होती. मग आकडे तसेच लागणार ना?” तो जिन्याच्या कठड्याकडे बघत बोलत होता. “आणि नोंदीत साहेबांच्या मंजुरीच्या वर, ‘चाचणी केली’ त्या ओळीत तुमचं नाव घातलंय. तुमचं नाव दिसलं की कोणी पुन्हा तपासत नाही.”

“मला विचारायचं तरी.”

“तुम्ही हो म्हणाला असतात?”

तिला रडू आलं नाही. लबाडी त्याला नव्यानं सुचली असेल. पण तिचं नाव कुठे चालतं, हे शिकायला त्याला तिच्याच शेजारची सगळी वर्षं लागली होती.

जागेवर येऊन तिनं सर्वांना लिहिलं : ‘ही चाचणी मी केलेली नाही. माझं नाव काढावं. मेमरी रिकामी करून आलेले आकडे सोबत देत आहे.’ एकदा वाचलं आणि पाठवून दिलं.

साहेब तरातरा आले. “घरातल्या गोष्टी अशा चव्हाट्यावर आणतात का, ताई?”

“नाव तेवढं माझं होतं, साहेब,” ती म्हणाली. “तेवढंच परत घेतलं.”

संध्याकाळी त्याची पद्धत कर्नलमध्ये गेली. तिचे आकडे कोणी उघडलेही नव्हते. तिनं नोंद पाहिली. तिचं नाव काढलेलं होतं. त्याखालचं साहेबांचं नाव एक ओळ वर सरकलं होतं, आणि मध्ये रिकामी जागासुद्धा उरली नव्हती.